पार्वतम्मांच्या मळ्यातला पीर

तुमच्या घरातून,
२० फेब्रुवारी १९४८

पार्वतम्मा यांस हमिदाबीचा सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखावं असं माझ्याजवळ काही नाही. पण मी तुमच्या चुलीवर भाकरी भाजते, तुमच्या बरणीतलं मीठ खाते, तेव्हा गप्प राहणं मला बरं वाटत नाही. माझ्याबरोबर माझी मुलगी खैरून आहे, बारा वर्षांची. आम्ही वऱ्हाडातल्या, अकोटच्या बाजूच्या. खैरूनचे अब्बा वारले त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर आमच्या दारावर दगड पडायला लागले, तेव्हा माझा दीर आयुब म्हणाला, भाभी, निजामाच्या मुलखात चला, तिथं आपलं राज्य आहे. माझं कुठलं आलंय राज्य, बाप्पा. मी गोधड्या शिवणारी बाई. पण पोरगी वयात येतेय, म्हणून निघाले.

इथं आम्हाला पनाहगीर म्हणतात, म्हणजे आसऱ्याला आलेले. तुमचं घर आम्हाला कचेरीतून मिळालं. घरवाले कुठं आहेत असं विचारलं तर आयुब म्हणाला, पळाले. का पळाले ते त्यानं सांगितलं नाही. ते द्वारकाबाई सुईणीनं सांगितलं. रझाकारांनी तुमचं दुकान लुटलं, तुमच्या मालकांना, महालिंगप्पांना, वेशीत मारहाण केली, आणि तुम्ही दोघं हद्दीपलीकडं बार्शीला भावाकडं गेलात. म्हणजे तुम्ही तिकडं आसऱ्याला आणि मी इकडं. द्वारकाबाईची लेक बार्शीत दिलेली आहे, ती छोट्या गाडीनं ये-जा करते, तीच हे पत्र देईल. तुमच्या पोथीवर तुमच्या हातचं नाव पाहिलं, म्हणून कळलं की तुम्हाला वाचता येतं. मीही मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेय. अब्बा तिथं शिपाई होते.

देवघराला मी कडी घातली आहे. आतल्या कशाला हात लावला नाही. चुलीवर मटण चढवलेलं नाही. खैरून कुरकुरते, पण तिला सांगितलं की दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या रीतीनं राहायचं. तुमचा तवा मात्र लई जड आहे, मनगट धरतं. तुम्ही कशा उचलत होतात कोण जाणे. इथला शाळू गोड, तेल करडईचं, महिन्यांची नावं वेगळी, पैसा वेगळा. काल वाण्याकडं आमचा रुपया दिला तर त्यानं तो दातांनी चावून परत केला. खैरून म्हणाली, अम्मी, आपण फार लांब आलो का? मी म्हटलं, नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. घरामागच्या मळ्यात, लिंबाखाली जी कबर आहे, ती कोणत्या बाबांची? आमच्याकडं हिंदू माणसं जाळतात, तेव्हा बांधलेली कबर म्हटली की ती आमच्यातलीच. चुना दिलेला ओटा, दिव्यासाठी दिवळी आणि दिवळीत तेलाचा डाग. तुम्ही हिंदू असून आमच्या बुजुर्गाला दिवा लावत होतात, हे पाहून मला रडूच आलं. या परक्या मुलखात पहिल्यांदा वाटलं की इथं आपलं कुणीतरी आहे. खैरून रात्री दचकून उठायची, ती आता बाबांच्या भरवशावर झोपते. मी माझ्या निकाहची हिरवी ओढणी चादर म्हणून घातली आहे. दर जुमेरातीला, म्हणजे तुमच्या गुरुवारी, दिवा लावते, फातिहा पढते. नाव माहीत नाही म्हणून अडतं. बाबांचं नाव कळवा.

आणि माझ्या लेकीला शाप देऊ नका. द्यायचाच तर आयुबला द्या, त्याला काही होत नाही.

हमिदाबी


७ मे १९४८

पार्वतम्मा यांस सलाम.

उत्तर आलं नाही. द्वारकाबाई म्हणते, तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि कनवटीला खोचलंत. मग एक ओळ लिहायला काय हरकत होती? बरं, तुमचा राग आहे तो मला कळतो. मी तुमच्या जागी असते तर पत्र चुलीतच घातलं असतं. माझं तोंड आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

तुमचे बाबा फार जागृत निघाले. फातिमाबी नावाची एक पनाहगीर बाई आहे, तिचं तान्हं तापानं फणफणलं होतं. तिला मी लिंबाखाली बसवलं, दिवळीतली राख पोराच्या कपाळाला लावली. पोर उठलं. त्याचं उठायचं होतं म्हणून उठलं असेल, मला काय माहीत. पण तेव्हापासून जुमेरातीला बायकांची रीघ लागते. लिंबवाले बाबा म्हणतात. आयुबनं बांबूला हिरवं निशाण लावलं. मलिदा येतो, गूळ येतो, पीठ येतं. बायका माझा हात डोळ्यांना लावतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. इथं आल्यापासून कुणी मला माणसात धरलं नव्हतं, आणि खैरूनच्या गालांवर आता जरा मांस चढलंय.

एका गोष्टीची माफी. खैरूनजवळ अंगावरचा एकच जोड होता, तो विरला. तुमच्या पेटीत एका मुलीचं खणाचं परकर-पोलकं मिळालं. तुमची मुलगी आता मोठी होऊन सासरी गेली असेल, तिला ते येणार नाही, असा विचार करून मी ते खैरूनला दिलं. अगदी मापाचं बसलं. धुऊन, घडी करून ठेवते.

तुमची शेजारीण सिताबाई आमच्याकडं बघतही नाही. मी कुडाजवळ गेले की गाईला शिव्या देते, आणि त्या गाईसाठी नसतात एवढं मला समजतं. तिच्या पाटीभर शेणाला मी हात लावला तर तिनं सगळं शेण उकिरड्यात टाकलं. तुम्ही तिला दोन शब्द सांगून पाठवलेत तर बरं होईल.

बाबांचं नाव अजून कळवलं नाहीत.

हमिदाबी


२ जुलै १९४८

पार्वतम्मा,

हे पत्र कसं सुरू करू ते सुचत नाही.

काल जुमेरात. बायका यायच्या होत्या, म्हणून खैरून लिंबाखाली झाडून चादर झटकत होती. अंगावर तेच परकर-पोलकं. सिताबाई गोठ्यातून आली ती थेट तिच्या दंडाला धरून ओढायला लागली.

“काढ. काढ ते आधी. लेकराचं कापड घालून लेकराच्याच उरावर उभी ऱ्हातीस व्हय गं?”

मी धावले. म्हटलं, माझ्या पोरीला हात लावायचं काम नाही. कुणाचं लेकरू?

“कुणाचं म्हून इचारतीस? शिवकांता न्हवं का ती. पार्वतम्माची. देवी आल्या आन् तीन वर्सामागं गेली पोर. म्या मांडीवर घेतलेली हाय तिला. आन् तुमी तिचा पीर करून बसलाव.”

“पण हिंदू तर जाळतात,” मी म्हटलं.

“लिंगायत वाणी जाळीत न्हाईत. बसवून पुरत्यात. हातात लिंग देत्यात, बेल घालत्यात, माहेरी चालली असं समजून साज करत्यात. वरती नंदी बसवायचा हुता. दगड घडवून आणला हुता महालिंगप्पानं. तेवढ्यात ह्यो इस्कोट झाला.”

तो दगड मी पाहिलाय, पार्वतम्मा. तुमच्या पडवीत आहे. खैरून त्यावर बसून मिरच्या निवडते.

मी तिथंच मातीत बसले. सिताबाई आणखी काय काय बोलली ते कानात शिरलं नाही. मला माझं पत्र आठवत होतं. बाबांचं नाव कळवा, असं मी तुम्हाला विचारलं. दोनदा विचारलं. आणि तुमची मुलगी सासरी गेली असेल असंही लिहिलं. ते तुम्ही बार्शीत, भावाच्या घरी, परक्या चुलीपुढं बसून वाचलंत. माझ्या हाताला कीड पडो. मी अडाणी आहे, वाईट नाही, एवढं मानलंत तर माना.

संध्याकाळी मी आयुबला सांगितलं की ही कबर वाण्याच्या मुलीची आहे, निशाण काढ. त्यानं दार लावून घेतलं. तो म्हणाला, भाभी, तोंडाला कुलूप घाला. त्यानं कचेरीत अर्ज दिलाय. हा मळा दर्ग्याचा म्हणून लिहून मिळणार आहे आणि मुजावर आयुब. मी म्हटलं, मग मीच बायकांना सांगते. तर म्हणाला, सांगा की. लोकांनी जिथं पोरांच्या नावानं नवस केले ती काफराची पोर निघाली हे कळलं, तर ते तिला आत राहू देतील का? कुदळी आणतील. हाडं बाहेर पडतील. चालेल तुम्हाला?

मला ते चालणार नाही. पण मी गप्प राहिले तर तुमचा मळा कायमचा जाईल, आणि तुमची लेक दुसऱ्याच कुणाच्या नावानं तिथं राहील. दोन्हीकडून माझी कोंडी आहे. मी रात्रभर जागून विचार केला. ती तुमची आहे, तुम्हीच सांगा. लिहायचं नसेल तर द्वारकाबाईजवळ तोंडी सांगा. तुम्ही सांगाल ते करीन. परकर-पोलकं धुऊन पेटीत ठेवलंय. खैरून जुन्यालाच ठिगळं लावून घालते, आणि मळ्यात जायला घाबरते.

हमिदाबी


२३ ऑगस्ट १९४८

पार्वतम्मा,

तुमचा निरोप मिळाला. द्वारकाबाईनं तुमच्या आवाजात सांगितला. तुम्ही पत्र वाचून भिंतीकडं तोंड करून बसलात, मग म्हणालात, “दिवा बंद करू नका म्हणावं. नाव कुणाचं का घेईनात.” आणि महालिंगप्पांना यातलं काही माहीत नाही, तेव्हा त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

एवढं मोठं मन माझं नाही. मी खरंच सांगते, मला तुमच्या शिव्या सोसल्या असत्या.

मग मी गप्प आहे. निशाण आहे, चादर आहे, जुमेरातीची गर्दी आहे. बायका लिंबवाले बाबा म्हणतात, मी ओठ हलवते आणि आत तिचं नाव घेते. सिताबाईला तुमचा निरोप सांगितला. ती बराच वेळ गाईचं अंग खाजवत उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी कुडावरून खैरूनला वाटीभर खरवस दिला. खैरूनला ती शिवकांताच्या गोष्टी सांगते आता. तुमची लेक म्हणे विहिरीत पाय सोडून बसायची आणि तुम्ही हाक मारली की मुद्दाम कानडीत उत्तर द्यायची. खैरूननं तिचे दोन-तीन कानडी शब्द उचललेत. मला अम्मीऐवजी अव्वा म्हणून हाक मारली तिनं काल. मी ओरडले तिच्यावर, का ते मलाही सांगता येणार नाही.

मोजणीवाले येऊन मळ्यात खुंट्या मारून गेले. आयुबकडं बंदूक आलीय. सगळे म्हणतात, हिंदुस्थानची फौज हद्दीवर येऊन बसलीय. आम्ही ज्यांना भिऊन आलो ते मागं मागं इथंच येणार असतील तर एवढं चालून तरी काय केलं?

हमिदाबी


सिताबाईच्या गोठ्यातून,
८ ऑक्टोबर १९४८

पार्वतम्मा यांस सलाम.

आम्ही जिवंत आहोत. खैरून धड आहे. ते आधी लिहिते, कारण तुम्ही विचाराल असं मला का कोण जाणे वाटतं.

फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. फौजेनं आमच्या गावात कुणाला काही केलं नाही, ती सडकेनं पुढं गेली. मागून जे आले ते फौजेचे नव्हते आणि या गावचेही नव्हते. कुठून आले देव जाणे. रझाकारांनी ज्यांची घरं जाळली होती असेही त्यांत असतील, तेव्हा त्यांचा राग मला समजत नाही असं नाही. आयुब बंदूक विहिरीत टाकून हैदराबादच्या बाजूला गेला. आम्हाला चला म्हणाला नाही. त्याचा पत्ता नाही. फातिमाबीचा नवरा गेला. ती पोराला घेऊन कुठल्यातरी छावणीत आहे.

आम्हाला सिताबाईनं लपवलं. तुमच्या घरात ते शिरले, पण गावातल्या लोकांनी हे वाण्याचं घर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा जाळलं नाही. भांडी गेली. जड तवा तेवढा राहिला.

आता मळ्यातलं. निशाण आणि चादर पाहून ते तिकडं गेले. पीर समजले आणि वरचा ओटा फोडला. आम्ही लांब होतो, आम्हाला नंतर कळलं. आत धक्का लागलेला नाही. दगड विस्कटले होते ते मी आणि खैरूननं पुन्हा रचले, वर मातीनं लिंपलं. दिवळी मोडली म्हणून दिवा आता जमिनीवर ठेवते, पण बंद केलेला नाही.

ही चूक माझी आहे हे मला कळतं. मी चादर घातली नसती तर त्यांनी तिकडं पाहिलंही नसतं. तुमच्याच लोकांच्या हातून तुमच्या लेकीवर घाव पडला तो माझ्या ओढणीमुळं.

लोक म्हणतात, आता हद्द राहिली नाही, बार्शीहून कुणीही येऊ शकतं. तुम्ही या. तुमचं घर मी झाडून, सारवून ठेवलंय. मला वऱ्हाडात जा म्हणतात. तिथं आता कोण आहे? आणि जाऊन पुन्हा कुणाच्या दारात उभी राहू? हा देश बदलला म्हणतात, पण मी तर त्याच गोठ्यात बसलेय. तुम्ही येईपर्यंत इथंच आहे, पुढचं तुम्ही म्हणाल तसं.

हमिदाबी


२७ नोव्हेंबर १९४८

पार्वतम्मा,

आता आपल्यात एक भिंत आहे. तुम्ही पहाटे ताक घुसळता ते मला गोठ्यात ऐकू येतं. तरी लिहितेय, कारण तोंडानं सांगायला आले की तुम्ही माझ्या हातात ताकाचं गाडगं देता आणि मी ते घेऊन परत येते. हे पत्र खैरून तुमच्या हातात देईल. महालिंगप्पा घरात असतील तर मळ्यात जाऊन वाचा.

तुम्ही आलात त्या दिवशी माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, माझ्या लेकीला तुम्ही राखलंत. महालिंगप्पा म्हणाले, गोठ्यात कशाला, मागची खोली घ्या, पोरीचं लग्न होईपर्यंत राहा, मी बघतो कोण काय म्हणतं ते. मार खाल्लेला माणूस, अजून त्यांचा एक हात वर होत नाही, आणि ते मला असं म्हणाले. मी घेत गेले. ताक घेतलं, शाळू घेतला, खोलीचंही हो म्हणणार होते. खैरून इतक्या दिवसांनी हसायला लागलीय. माझ्यासाठी तेच सगळं आहे.

काल सिताबाईनं सांगितलं की परवा सोमवारी तुमचे जंगम विधी करायला येणार. गावात कुणीतरी पिल्लू सोडलंय की आत आता शिवकांता नाही, पनाहगिरांनी त्यांचाच कुणी मुडदा घातलाय, म्हणून तर पीर म्हणत होते. महालिंगप्पा समाधी उघडून खात्री करणार आणि मग वर नंदी बसवणार. तुम्हीही हो म्हणालात, कारण मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आत धक्का लागलेला नाही.

ते खोटं होतं.

आम्ही लांब नव्हतो. सिताबाईनं आम्हाला तिच्या कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. तुमच्या मळ्याच्या बांधाला लागून जी आहे, तीच. ती स्वतः गावात कोण वाचलं, कोण नाही ते बघायला गेली होती. मला पेंढ्यांतून सगळं दिसत होतं. त्यांनी चादर फाडली, ओटा फोडला. मग एक म्हणाला, पिराखाली सोनं असतंय. आणि ते खणायला लागले.

मी ओरडले असते की ही वाण्याची लेक आहे, शिवकांता तिचं नाव, तर ते कदाचित थांबले असते. मी ओरडले नाही. खैरून माझ्या काखेत होती, तिच्या तोंडावर माझा हात होता, इतका घट्ट की तिचा दात माझ्या तळव्यात रुतला. मी बोलले असते तर ती त्यांना दिसली असती. मी तुमची लेक दिली आणि माझी ठेवली. यात मला दुसरा शब्द सापडत नाही. मला रोज लाज वाटते, आणि रोज मी हेही जाणते की पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा गप्प बसेन.

सिताबाई परत आली तेव्हा खड्डा खोल झाला होता. ती वरून ओरडली, “मुडद्यांनो, आपलीच पोर हाय ती. वाण्याची शिवकांता हाय.” त्यांनी खाली पाहिलं. चांदीची डबी एकाच्या हातात होती, त्यात काय असतं ते त्यालाही माहीत असणार. लिंग त्यानं तिथंच टाकलं आणि डबी घेऊन गेला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. माती लोटायला मात्र कुणीही थांबलं नाही.

दुपार होती. आम्ही गंजीतून बाहेर आलो. सिताबाईला बघवेना. तिनं धुवट लुगडं आणून दिलं आणि पाठ फिरवून बसली. खैरून पाणी आणत होती, तिला मी जवळ येऊ दिलं नाही. जे होतं ते मी एकटीनं वेचलं. काही खड्ड्याबाहेर पडलं होतं, काही टिकावानं मोडलं होतं. केस होते. बांगड्या होत्या, दोन सबंध, बाकीच्या फुटक्या. एकही तुकडा मी सोडला नाही, माती चाळून बघितली. लिंग उचलण्याआधी हात धुतले. माझा हात त्याला लागला, त्याला तुमच्यात काय करतात ते मला माहीत नाही.

सिताबाई पाठमोरी बसून एकसारखी म्हणत होती, बसीव गं, बसवून ठिव लेकराला. मी बसवायला गेले. पार्वतम्मा, ती बसेना. बसण्यासारखं तिचं काही राहिलं नव्हतं. मी भिंतीला टेकवून बघितलं, दगड लावून बघितला. ती सारखी ढासळत होती आणि मला वाटत होतं की मी तिला आणखी छळतेय. मग मी ते थांबवलं. मला जे येतं ते केलं. तिला लुगड्यावर आमच्यासारखं निजवलं. उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, तोंड मावळतीला. डोक्याखाली मऊ माती घेतली. प्रत्येक हाड त्याच्या त्याच्या जागी ठेवलं, जेवढं मला कळलं तेवढं. लिंग डाव्या हाताच्या जागी, बांगड्या मनगटाच्या जागी. फातिहा तोंडावर आली होती, पण ती पढले नाही, आधीच तिच्यावर बरंच लादून झालं होतं. तुमचं काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी नुसतं म्हटलं, शिवकांता, बेटा, नीज आता. मग माती ओढली.

सिताबाईनं यातलं काही पाहिलं नाही. मी तिलाही सांगितलं की बसवलंय, आणि तुमच्या जिवाला लागू नये म्हणून खणल्याचं तुम्हाला बोलायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.

परवा उघडतील तेव्हा ती निजलेली दिसेल. लोक म्हणतील, बघा, मुसलमानाचंच मढं. आणि महालिंगप्पांना वाटेल की हमिदानं आपल्याला फसवलं. ती तुमचीच आहे. बांगड्या बघा, तुम्ही भरल्या होत्या, तुम्हाला ओळखू येतील. वरच्या डाव्या दातावर दात आहे, सिताबाईलाही ते ठाऊक आहे. महालिंगप्पांना आधी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खोली द्यायची की नाही, तेही. आमचं बोचकं बांधलेलं आहे, तुम्ही म्हणाल त्या गाडीनं जाऊ. कुठं ते विचारू नका, मला माहीत नाही.

पण सोमवार झाल्याशिवाय मी जाणार नाही. जंगमांना सांगा, टिकाव चालवू नका, ती पहिल्यासारखी खोल नाही. कंबरभर खणायची ताकद माझ्यात नव्हती. मला हाक मारा. तुम्ही एका बाजूनं बसा, मी दुसऱ्या बाजूनं, दोघी हातानं माती काढू. तिला पुन्हा बसवायची असेल तर तुम्ही बसवा, मी एकेक तुमच्या हातात देते. कुठं काय ठेवलंय ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

हमिदाबी